कोर्ट उठेपर्यंत

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला चढायची पायरीच नाही.
एकशे बारा आहेत, सगळ्या उतरायच्या,
बर्फात कोरलेल्या,
वर खाणीतल्या जुन्या पट्ट्याचं रबर ठोकलेलं.
कॅलिस्टोवर माणसाचं वजन इतकं कमी
की आरोपीसुद्धा तरंगत आल्यासारखा येतो,
आणि त्याच्याआधी तळाला पोचतो माझा पुकारा.

मी हिलारिओन. सव्वीस वर्षं हेच काम.

सातुर्निना चोके, हाजिर हो!

ती आली. झडपखात्यात कामाला. हातात विणकाम,
जणू दवाखान्यात नंबर लावायला आलीय.
गुन्हा, कलम एक.
कलमं आमच्याकडे सहाशेच्या वर,
पण पोरं पाळण्यात ऐकतात ते एवढंच :
बंद झालेलं दार उघडायचं नाही.
त्या कलमाला तळटीप आहे.
तळटीपेत एकेचाळीस नावं,
पहिल्या वर्षी कुणीतरी दयेपोटी दार उघडलं तेव्हाची.
सतरावं नाव सातुर्निनाच्या आईचं.

तिनं उघडलं. अकरा सेकंद.
बाहेर येर्मेक होता, वेल्डर,
ज्याच्याशी ती तीन वर्षं बोलत नव्हती
एका उसन्या ड्रिलवरून.

कुणी मेलं नाही.
वकील तेच सांगत राहिला, कुणी मेलं नाही, कुणी मेलं नाही,
शेवटी तीच म्हणाली, "मेले असते. पुढं चला."

न्यायाधीश बाक्तिगुल सेइतोवांनी चष्मा पुसला.
दोषी तर आहेच.
शिक्षा दिली कायद्यातली सगळ्यात लहान :
कोर्ट उठेपर्यंत बसून राहणे.

आता, कोर्ट उठतं सूर्यास्ताला.
हे ज्यानं लिहिलं तो पृथ्वी सोडून कधी गेला नसणार.
त्याला वाटलं असेल, संध्याकाळ, चहा, घर.
इथं सूर्य उगवला की आठ दिवस मावळत नाही
(दिवस आम्ही अजून जुन्याच घड्याळाचे मोजतो),
आणि त्या दिवशी तो नुकताच उगवला होता.

आरोपी बसली म्हणजे कोर्ट बसलं.
कोर्ट बसलं म्हणजे बाईसाहेब बसल्या,
सरकारी वकील बसला, कारकून बसला, मी दाराशी.
दुसऱ्या दिवशी बाईसाहेबांनी बूट काढले.
तिसऱ्या दिवशी दोन्ही वकील पत्ते खेळायला लागले
आणि एकमेकांना विद्वान मित्र म्हणायचे थांबले.
येर्मेक रोज सूप आणायचा, वाळवलेल्या बटाट्यांचं,
सगळ्यांना पुरेल इतकं.
चौथ्या दिवशी सुपाबरोबर ड्रिल आणलं,
तिच्या खुर्चीखाली ठेवलं.
तिनं बघितलं नाही. फक्त पाय थोडा सरकवला, त्याला जागा दिली.

त्या रात्री ती झोपेत नावं म्हणत होती.
क्रमानं. सतराव्याला न अडखळता.

पाचव्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या,
"हिलारिओन, वर जाऊन बघ, बुडाला का?"
मी चाळीस पायऱ्या चढलो.
एकेचाळिसाव्या पायरीवर बसलो, थोडा वेळ.
खाली आलो.
"बुडाला?"
"बुडाला."
त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं. बुटांवर हिम नव्हतं.
बूट कोरडे आहेत, असं म्हणायला
नोंदवहीत रकाना नाही.
सही केली, उभ्या राहिल्या. कोर्ट उठलं.

सगळे गेले. वकील तर उड्या मारत.
सातुर्निना टाके मोजत तिथंच.
"बाई, शिक्षा संपली."
"एवढ्यात?" ती म्हणाली.
"झडपांवर आहे मी. ऊन कधी जातं ते मला सांगू नका."
आणि परत बसली.

मग मीही बसलो. दार उघडं टाकून कसं जाणार?

तीन दिवस आम्ही फारसं बोललो नाही.
येर्मेक दोघांपुरतं सूप आणत राहिला.
आठव्या दिवशी मी सगळ्या एकशे बारा चढलो,
पोशाख घातला, बाहेर उभा राहिलो.
हरभऱ्याएवढा सूर्य. टेकडीमागं गेला.
गाजावाजा नाही काही.

खाली आलो तेव्हा तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही.
बुटांकडे बघितलं,
शेवटचा टाका काढला,
आणि खुर्चीखालचं ड्रिल उचलून म्हणाली,
"बिट बदललाय त्यानं. चांगला घातलाय."